गरम इंजिन आणि गप्प बसलेला सेल्फ: जुन्या कॅम्पर व्हॅनला स्टार्टर रिले बसवताना

सकाळी व्हॅन पहिल्याच चावीला सुरू होते. दोन तास चालवून तुम्ही कुठेतरी थांबता, पंधरा मिनिटांनी परत येऊन चावी फिरवता, आणि काहीच होत नाही. फार तर एक बारीक 'टक्'. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, बॅटरी नवी. अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन गार झालं की तीच चावी, तोच सेल्फ, आणि गाडी काही घडलंच नाही अशी सुरू होते.

मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये, विशेषतः 1967 साली आलेल्या मोठ्या काचेच्या 'बे-विंडो' पिढीत, हे दुखणं इतकं ठरलेलं आहे की अनुभवी माणूस लक्षणं ऐकूनच रिलेचं, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचं, नाव घेतो. नवखा माणूस मात्र आधी बॅटरी बदलतो, मग सेल्फ बदलतो, आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच अडकतो. म्हणून हा लेख. मी यात फोक्सवॅगन धरून चाललो आहे, पण चावीपासून सेल्फपर्यंतची वायर लांब असलेल्या कुठल्याही जुन्या कॅम्परला हीच रीत लागू पडते.

दुखणं नेमकं कुठे आहे

सेल्फच्या डोक्यावर एक छोटा सिलिंडर असतो, तो सोलेनॉइड. चावी फिरवली की त्याच्या आतली गुंडाळी लोखंडी दांडा ओढते. दांडा दोन कामं करतो: सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि शेवटी तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरला बॅटरीचा पूर्ण प्रवाह देतो. सोलेनॉइडमध्ये गुंडाळ्या दोन असतात. एक जोरात ओढणारी, दुसरी नुसती धरून ठेवणारी. ओढणारीला क्षणभर का होईना, पण 30 ते 40 अँपिअर लागतात. दांडा शेवटपर्यंत पोहोचला की ती आपोआप बाद होते आणि धरणारी तेवढी थोड्या अँपिअरवर चालू राहते.

हे 30-40 अँपिअर कुठल्या वाटेने येतात ते बघा. बॅटरी मागे, इंजिनाशेजारी. तिथून वायर पुढे डॅशबोर्डपर्यंत जाते, चावीच्या स्विचमधून जाते, आणि पुन्हा सगळी व्हॅन ओलांडून मागे सेल्फकडे येते. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ एकमेकांपासून हाताच्या अंतरावर, आणि निरोप मात्र आठ-नऊ मीटरचा फेरा मारून येतो. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची नऊ मीटर वायर धरली तर तिचा रोध सुमारे 0.06 ओहम होतो. त्यातून 35 अँपिअर गेले की दोन व्होल्ट वाटेतच जिरले. हा हिशेब कोऱ्या करकरीत वायरचा. पन्नास वर्षांचे गंजलेले लग (वायरच्या टोकाला चेपलेली धातूची जोडणी), सैल झालेले जोड आणि चावीच्या स्विचमधले झिजलेले संपर्क धरले, तर 12 व्होल्टमधले आठ-साडेआठ सोलेनॉइडपर्यंत पोहोचले तरी पुष्कळ.

मग सकाळी का चालतं? कारण सकाळी गुंडाळी गार असते. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. इंजिन आणि एक्झॉस्टच्या झळीने गुंडाळी 70 अंशांनी तापली, तर रोध सव्वापटीहून जास्त होतो आणि प्रवाह साधारण एक पंचमांशाने घटतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ओढ मात्र एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. आधीच तोकडा व्होल्टेज, वर ही घट. दांडा अर्ध्यावर अडतो. तुम्हाला ऐकू येतं ते 'टक्' त्याचंच.

रिले ही वाट तोडून टाकतो. चावीकडून येणारी जुनी लांब वायर आता फक्त रिलेच्या छोट्या गुंडाळीला जागं करते, आणि तिला जेमतेम 0.15 अँपिअर लागतो. एवढ्याशा प्रवाहाला जुनी वायर आणि झिजलेला स्विच सहज पुरतात. सोलेनॉइडचा खरा प्रवाह बॅटरीपासून दीड मीटरच्या जाड वायरने थेट जातो. चावीच्या स्विचचं आयुष्य वाढतं ते वेगळंच.

आधी मोजा, मग विकत घ्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. रिले फक्त एकाच आजारावर चालतो: सोलेनॉइडला व्होल्टेज कमी पोहोचणे. बाकीचे चार आजार हुबेहूब तसेच दिसतात आणि रिले लावून तसेच राहतात.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर 12.6 च्या आसपास दिसायला हवेत. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना बॅटरीवर साडेनऊच्या खाली आकडा गेला तर थांबा. आधी बॅटरी चार्ज करा किंवा तपासून घ्या.

मग अर्थिंग. या व्हॅनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेले. त्यांना बॉडीशी जोडते ती गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाजवळची विणलेली पट्टी. ती गंजलेली किंवा अर्धी तुटलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर. इंजिन फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला, बॉडीवरची तिची जागा धातू चमकेपर्यंत घासा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच संपतं आणि रिलेची गरजच उरत नाही.

आता मुख्य मोजणी. सेल्फवर दोन जोड आहेत. बॅटरीची जाड केबल बोल्टने जिथे बसते ते टर्मिनल 30. सोलेनॉइडवरचं पातळ पातं, ज्यावर चावीकडून आलेली वायर ढकलून बसवलेली असते, ते टर्मिनल 50. फोक्सवॅगनमध्ये ही वायर बहुधा लाल रंगाची, काळ्या रेघेची असते. मल्टिमीटरचं लाल टोक 30 वर, काळं 50 वर लावा. चावी बंद असताना बॅटरीचा जवळपास सगळा व्होल्टेज दिसेल. सहायकाने चावी फिरवली की जो आकडा उरेल, तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत.

यात एक मेख आहे आणि नवखे तिथेच फसतात. सेल्फ नीट फिरत असेल, तर ओढणारी गुंडाळी तोवर बाद झालेली असते. प्रवाह कमी, म्हणून घटही कमी दिसते आणि माणूस म्हणतो वायर ठीक आहे. खरा आकडा मिळतो तो गाडी रुसलेली असताना. म्हणून व्हॅन मुद्दाम तापवा, दुखणं जागं करा आणि त्या अवस्थेत मोजा. चावी दोन-तीन सेकंदांहून जास्त धरू नका, कारण दांडा अडलेला असताना दोन्ही गुंडाळ्या पूर्ण प्रवाह ओढत राहतात आणि जळू शकतात. एक्झॉस्ट भाजेल इतका गरम असतो, म्हणून मल्टिमीटरच्या टोकांना मगरचिमटे लावून, वायरी बाहेर घेऊन, स्वतः गाडीखालून बाहेर येऊनच चावी फिरवायला सांगा. रुसलेल्या अवस्थेत दोन व्होल्ट किंवा जास्त हरवत असतील, तर रिले हाच उपाय आहे.

आणि उलट, सोलेनॉइडचा 'खाट्' असा दमदार आवाज येतो पण मोटर फिरत नाही, किंवा कण्हत कण्हत फिरते, तर दोष सेल्फच्या आत आहे. मॅन्युअल गिअरच्या या गाड्यांमध्ये सेल्फच्या शाफ्टचं टोक गिअरबॉक्सच्या कवचात बसवलेल्या छोट्या पितळी बुशमध्ये फिरतं. ते झिजलं की शाफ्ट तिरका होऊन घासतो. नवा सेल्फ बसवताना ते बुश बदलायचं राहून गेलं, की नवा सेल्फही जुन्यासारखाच वागतो.

पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने टर्मिनल 30 आणि 50 जोडून सेल्फ मारायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरून उडी घेते आणि तुम्ही नेमके मागच्या चाकापुढे आडवे असता. अशाने माणसं मेली आहेत.

काय काय लागेल

12 व्होल्टचा चार पायांचा रिले, किमान 40 अँपिअरचा. 70 अँपिअरचा मिळाला तर मी तोच घेईन. सोलेनॉइडच्या गुंडाळीचा प्रवाह तुटताना रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि जड संपर्क ती जास्त काळ सोसतात. मात्र 70 च्या रिलेचे प्रवाहाचे दोन पाय रुंद असतात, त्याला त्याच मापाचे लग किंवा त्याचा स्वतःचा सॉकेट हवा. सर्वात जुन्या व्हॅन 6 व्होल्टच्या होत्या. बे-विंडो पिढी 12 व्होल्टचीच, पण त्याआधीची असेल तर बॅटरीवर मोजून खात्री करा आणि 6 व्होल्टचा रिले घ्या.

रिलेसाठी सॉकेट जरूर घ्या, सुटे लग खोचण्यापेक्षा ते बरं, कारण रस्त्यात रिले बदलताना वायरींचा क्रम विसरायची भीती राहत नाही. त्याशिवाय 4 चौरस मिलिमीटरची लाल वायर तीनेक मीटर, 1.5 चौरस मिलिमीटरची वायर तेवढीच, झाकण असलेला इनलाइन फ्यूज होल्डर आणि 30 अँपिअरचा फ्यूज, 6.3 मिलिमीटरचे मादी लग, जुन्या वायरच्या लगात खोचायला त्याच मापाचा एक नर लग, बोल्टसाठी गोल लग, हीट श्रिंक (तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी), उष्णता सोसणारी स्लीव्ह, रबरी ग्रॉमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी) आणि केबल टाय. वायर गाडीच्या कामाची, बारीक तारांची घ्या. घरातल्या वायरिंगची जाड एकेरी तार हादऱ्यांनी तुटते.

क्रिम्पिंगचा, म्हणजे वायरवर लग चेपण्याचा, पाना चांगला हवा. पकडीने चेपलेला लग महिन्याभरात सैल होतो, आणि ज्या रोधापासून सुटका करून घ्यायची तोच तुम्ही नव्याने बसवता. प्रत्येक लग चेपल्यावर वायर हाताने जोरात ओढून बघा. सुटला तर आत्ताच सुटू दे.

बसवणी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सपाट, कडक जमीन. पहिला गिअर, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा. हे आधी, बाकी सगळं नंतर, कारण टर्मिनल 30 ला थेट बॅटरीची केबल आहे, मध्ये फ्यूज नाही. तिथे पाना बॉडीला टेकला तर तो लाल होईपर्यंत जळतो. गाडी उचलायची असेल तर स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

खाली गेलातच आहात तर पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर टॉर्च मारा. या व्हॅन जळतात त्या बहुतेक वेळा चिरलेल्या नळीमुळे. तडे दिसले किंवा पेट्रोलचा वास आला, तर रिलेचं काम बाजूला ठेवून आधी नळ्या बदला. गळतं पेट्रोल आणि ठिणगी मारणारा सेल्फ एका जागी असू नयेत.

रिलेची जागा. काही जण तो खालीच, सेल्फजवळ लावतात. वायर सगळ्यात आखूड होते हे खरं, पण तिथे चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल येतो, आणि अडचणीच्या वेळी हात पोहोचत नाही. मी तो इंजिनाच्या खोलीत, बॅटरीजवळच्या भिंतीवर लावतो. मागचं झाकण उघडलं की समोर. भोक पाडण्यापूर्वी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा, आणि भोकाच्या कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. पाय खाली येतील असा रिले बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

आता सेल्फ. तो प्रवासाच्या दिशेने उजव्या बाजूला, गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात तिथे असतो. टर्मिनल 50 वरची जुनी वायर ओढून काढा. वायर धरून नाही, लग धरून. काही सोलेनॉइडवर शेजारी दुसरं पातं असतं, म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि नवी वायर त्याच पात्यावर लावा. जुन्या वायरचं टोक कापू नका. त्याच्या लगात नर लग खोचून 1.5 ची वायर पुढे वाढवा आणि जोडावर हीट श्रिंक चढवा. ही वाढवलेली वायर आणि 4 ची नवी वायर, दोन्ही एकाच स्लीव्हमध्ये घालून बॅटरीच्या जाड केबलच्या वाटेने वर इंजिनाच्या खोलीत न्या. पत्र्यातून जाताना ग्रॉमेट हवंच. एक्झॉस्ट आणि हीटरच्या गरम पेट्यांपासून चार बोटं दूर, आणि दर वीतभर अंतरावर केबल टाय.

वर चार जोड करायचे. रिलेच्या बुडावर आकडे छापलेले असतात. 86 वर चावीकडून आलेली, वाढवलेली वायर. 85 वरून 1.5 ची वायर बॉडीला, घासून चकचकीत केलेल्या धातूवर, शक्यतो बॅटरीच्या अर्थचा जो बोल्ट आहे त्यालाच. 30 वर बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून येणारी 4 ची वायर, तिच्यात फ्यूज होल्डर, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. 87 वरून 4 ची वायर खाली सेल्फच्या टर्मिनल 50 ला. एवढंच. फ्यूज मात्र आत्ता घालू नका.

साध्या रिलेत 85 आणि 86 उलटसुलट झाले तरी चालतं. आत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत चालत नाही, तो पहिल्याच चावीला जळतो. अंगावर डायोडची खूण छापलेली असते, पण सवय म्हणून 86 कायम पॉझिटिव्हच ठेवा. पाच पायांचा रिले हाती आला असेल तर मधला 87a मोकळा सोडा.

ऑटोमॅटिक गिअरच्या व्हॅनमध्ये चावी आणि सेल्फच्या मध्ये न्यूट्रलचा सुरक्षा स्विच असतो. 86 ला येणारी वायर त्या स्विचच्या पुढची, म्हणजे सेल्फकडच्या टोकाची असली पाहिजे. वर सांगितल्याप्रमाणे सेल्फवरूनच वायर घेतली असेल तर हे आपोआप साधतं. डॅशबोर्डखालून नवी वायर ओढून हा स्विच वगळू नका.

पहिली चावी

गाडी न्यूट्रलला घ्या. निगेटिव्ह केबल जोडा. फ्यूज अजून बाहेरच. चावी फिरवा: रिलेचा 'टिक्' ऐकू आला पाहिजे, सेल्फ हलता कामा नये. चावी सोडल्यावर पुन्हा एक 'टिक्'. हे झालं म्हणजे चावीपासून रिलेपर्यंतची बाजू बरोबर. आवाज आला नाही तर 86 वर चावी फिरवताना 12 च्या आसपास व्होल्ट येतात का ते बघा. येत असतील तर 85 चा अर्थ कच्चा आहे.

मग फ्यूज घाला. घालताक्षणी सेल्फ फिरायला लागला तर फ्यूज लगेच ओढा, रिलेच्या 30 आणि 87 च्या वायरी कुठेतरी चिकटल्या आहेत किंवा रिले आतून चिकटलेला आहे. शांत राहिला तर चावी फिरवा. फरक कानाला कळतो, सेल्फ आता चावीबरोबर झटक्यात पकडतो.

एवढ्यावर समाधान मानू नका, दुखणं गरम इंजिनाचं होतं. तासभर चालवून आणा, दहा मिनिटं उभी ठेवा, कारण इंजिन बंद केल्यावर हवा थांबते आणि सेल्फ त्या वेळी सर्वात जास्त तापतो. तेव्हा पुन्हा सेल्फवरच्या 30 ते 50 ची तीच मोजणी करा. आता घट अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवी. जास्त असेल तर नव्या जोडांपैकी एखादा लग कच्चा चेपला गेला आहे. हाताला जो गरम लागेल तोच. आणि घट कमी असूनही गरम सेल्फ रुसत असेल, तर आता तो खरोखर उतरवून दुरुस्तीला न्यायची वेळ झाली.

व्हॅनमध्ये एक जादा रिले आणि दोन फ्यूज ठेवा. कधी चावी सोडूनही सेल्फ फिरतच राहिला, तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत. तो सॉकेटमधून उपटा, सेल्फ थांबेल. आणि जादा रिलेही नसेल, तर जुनी वायर आपण कापलेली नाही: इंजिन गार झालं की वाढवलेली वायर आणि नर लग काढून जुना लग पुन्हा टर्मिनल 50 वर ढकला, 87 वरून आलेल्या वायरचं टोक टेपने गुंडाळा, आणि व्हॅन पूर्वीसारखी सुरू होईल.